कुलाब्याच्या किनाऱ्यावर एका भावी पटकथाकारासह

ज्यास आज रायगड जिल्हा म्हणतात त्याचें नांव १९८१ पर्यंत कुलाबा असें होतें, आणि आमच्या पिढीच्या तोंडीं अजून तेंच बसलेलें आहे. पुण्याहून या जिल्ह्याच्या समुद्रकांठीं जावयाचे मार्ग दोन. एक, मुंबईस जाऊन जलमार्गानें मांडव्यास उतरणें. दुसरा, बोरघाट उतरून खोपोलीवरून पेण गांठणें. पावसाळ्यांत गेटवेच्या लाँची बंद असतात, म्हणून गेल्या श्रावणाच्या अखेरीस आम्हीं दुसरा मार्ग पत्करला. एस्. टी. ची तांबडी गाडी, घाटांत धुकें, दोहों बाजूंस पाण्याच्या धारा, आणि खिडकीची कांच बंद होत नसल्यामुळें त्यांपैकीं बराच अंश आमच्या धोतरावर, अशा थाटांत प्रवास झाला.

ज्यांच्या घरांत विशी-तिशींतलीं मुलें आहेत अशा वाचकांस प्रवासाचें कारण फारसें फोडून सांगावयास नको. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा, वय वर्षें सव्वीस, पुण्यांत संगणकाच्या एका कंपनींत चांगल्या पगारावर आहे. नागपंचमीच्या दिवशीं पानावर बसल्या बसल्या त्यानें जाहीर केलें कीं, आपण नोकरीचा राजीनामा देणार आणि मुंबईस राहून चित्रपटांच्या पटकथा लिहिणार. त्याचे वडील कांहींच बोलले नाहींत. ते रागावले म्हणजे बोलत नाहींत. त्याची आई म्हणाली, निदान लग्न ठरेपर्यंत तरी थांब. आमच्या मातुःश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनीं शांतपणें विचारलें, "म्हणजे सिनेमांतलीं माणसें आपलीं आपण बोलत नाहींत होय?" शेवटीं घरांतला थोरला, आणि त्यांतून जन्माचा मास्तर, म्हणून मुलाला चार दिवस बाहेर नेण्याची कामगिरी आम्हांवर आली. त्याची समजूत काढावी अशी सर्वांची इच्छा. आधीं त्याचें म्हणणें तरी समजून घ्यावें अशी आमची. कुलाब्याची बाजू आम्हीं मुद्दाम निवडली. हिंदुस्थानांतील पहिल्या बोलपटाचे शब्द ज्या गृहस्थांनीं लिहिले त्यांच्या घराण्याचें नांव याच प्रांतांतलें आहे, आणि ती हकीकत त्याला तेथेंच सांगावी असें मनांत होतें.

पेणेस उतरलों तेव्हां सारें गांव गणपतीच्या गडबडींत होतें. येथील मूर्ति सातासमुद्रांपलीकडे जातात, आणि २०२३ मध्यें त्यांस भौगोलिक मानांकनहि मिळालें. एका कारखान्यांत आम्ही अर्धा तास उभे होतों. शेंकडों मूर्ति रंगून तयार, पण डोळे नाहींत. एक वयस्क कारागीर मांडीवर मूर्ति घेऊन डोळ्यांची आखणी करीत होता. दोन रेघा, एक ठिपका, कीं मूर्ति आपणांकडे पाहूं लागे. तो ती खालीं ठेवी आणि दुसरी घेई. पुतण्या म्हणाला, "काका, यांचें नांव कोठें घातलेलें दिसत नाहीं." आम्हांस हवा होता तो विषय आपोआपच निघाला.

कोंकणांतील ज्यू लोकांस बेने इस्रायल म्हणतात. त्यांनीं मुलांचीं नांवें बायबलांतून घेतलीं आणि आडनांवें आपापल्या गांवांवरून. किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर, नवगांवचे नवगांवकर. तसे पेणचे ते पेणकर. या पेणकरांपैकीं जोसेफ डेव्हिड हे मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांसाठीं नाटकें लिहीत. एक नाटक चाललें तर मंडळी खूष, पडलें तर लेखकाचा दोष, आणि दोन्ही प्रसंगीं पुढच्या मोसमाला नवें नाटक तयार हवें, असा तो धंदा. त्यांचीं बरींच वर्षें त्यांत गेलीं. इतक्यांत अर्देशीर इराणी यांनीं एक अमेरिकन बोलपट पाहिला आणि आपणहि बोलणारें चित्र काढावें असें त्यांच्या मनानें घेतलें. जोसेफ डेव्हिड यांचें 'आलम आरा' हें नाटक त्यासाठीं निवडलें गेलें. कुमारपूरचा राजा, त्याच्या दोन सवतीमत्सरी राण्या, एका फकिराचें भविष्य, आणि भटक्या लोकांत वाढलेली एक मुलगी, असें तें कथानक.

इंपीरियल फिल्म कंपनीच्या त्या स्टुडिओजवळून आगगाडीचे रूळ जात. दिवसां गाड्यांचा खडखडाट, म्हणून ध्वनिमुद्रण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्या म्हणजे करीत. आवाज पकडण्याचें यंत्र नटांच्या आसपास कोठें तरी लपवून ठेवीत. चित्र आणि बोलणें एकाच वेळीं एकाच फितीवर उमटत असल्यामुळें मागाहून शब्द बदलण्याची सोय नव्हती. लेखकानें लिहिलें आणि नटानें उच्चारलें कीं तें कायमचें झालें. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत हा बोलपट लागला आणि आठ आठवडे चालला. झुबेदा, मास्टर विठ्ठल, पृथ्वीराज कपूर हीं नांवें त्यामुळें घरोघर झालीं. मातुःश्रींच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. त्या दिवसापर्यंत आमच्या चित्रपटांतलीं माणसें खरोखरीच बोलत नव्हतीं. पडद्यावर पाट्या येत आणि वाचतां येणारा शेजाऱ्याला वाचून दाखवी. माणसें बोलूं लागलीं तीं पेणकरांच्या शब्दांनीं.

"आणि ते शब्द आज कोणते?" आम्हीं पुतण्यास विचारलें. त्याला अर्थातच सांगतां आलें नाहीं. कोणासच सांगतां येणार नाहीं. 'आलम आरा'ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. पुण्याचें चित्रपट संग्रहालय निघालें १९६४ सालीं; तोंवर त्या काळच्या किती तरी फिती नष्ट झाल्या होत्या. छायाचित्रें राहिलीं, जाहिराती राहिल्या, आवाज गेला. पेणकर मात्र तेथें थांबले नाहींत. वाडिया मूव्हीटोनच्या पहिल्या बोलपटाचें, १९३३ च्या 'लाल-ए-यमन'चें, लेखन त्यांचेंच. १९३५ सालच्या 'हंटरवाली'चे संवादहि त्यांचे. घोड्यावरून चाबूक फिरवीत जाणारी नाडिया पुष्कळांस माहीत असते. तिला बोलतें कोणीं केलें हें कोण विचारतो?

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही मला भिववतां आहां."

"भिववीत नाहीं. धंद्याचें पहिलें कलम वाचून दाखवितों. नांवासाठीं जावयाचें असेल तर नट हो. दिसावयास बरा आहेस."

वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड करीत अलीबागेस पोहोंचलों आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं रिक्षा करून उत्तरेकडे निघालों. वरसोली, थळ, मग नवगांव. नवगांवास समुद्राजवळ बेने इस्रायलांचें स्मारक आहे. फार पूर्वीं येथें एक गलबत फुटलें, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि वाहून आलेल्या प्रेतांस याच जागीं मूठमाती दिली, अशी त्या समाजाची परंपरा. काळ नक्की कोणता, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. वांचलेल्यांनीं कोंकणांत तेलाचे घाणे घातले. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. ग्रंथ समुद्रांत गेले होते. एक प्रार्थना आणि कांहीं आचार तेवढे स्मरणांत राहिले, आणि त्यांवर पिढ्यान् पिढ्या निघाल्या.

आमच्या विषयाला लागून असलेली एक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या लोकांनीं आपल्याकडील हरिदासांचीं कीर्तनें ऐकलीं आणि स्वतःचीं कीर्तनें रचलीं. आख्यान बायबलांतलें, भाषा मराठी, आणि मधून मधून साकी, दिंडी, ओंवी. जी माणसें दिवसा घाणा, सुतारकाम किंवा पलटणींतली चाकरी करीत त्यांच्या समाजांत हें घडलें. आख्यान कोठें थांबवावें, गाणें कोठें घालावें, श्रोता जांभई देऊं लागला म्हणजे काय करावें, हें ज्याला कळतें त्याला पटकथेचें अर्धें शास्त्र कळलें, असें आम्ही समजतों. १९४८ नंतर यांपैकीं बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं आणि तेथेंहि त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. कुलाब्यांत आतां थोडीं घरें उरलीं आहेत. अलीबागेच्या इस्रायल आळींतील प्रार्थनामंदिर १८४८ चें, १९१० सालीं पुन्हां बांधलेलें. तें आम्हीं परततांना पाहिलें.

नवगांवाहून किहीम जवळ. किहीमच्या वाड्या पावसानें इतक्या दाट झालेल्या असतात कीं, समुद्र ऐकूं येतो आणि दिसत नाहीं. १९३० सालीं डॉ. सलीम अली येथें येऊन राहिले. परदेशीं शिकून आले तों मुंबईच्या संग्रहालयांतील त्यांची जागा पैशाअभावीं रद्द झालेली. हाताला काम नाहीं, आणि सासरच्या मंडळींचें एक घर किहीमला होतें. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार मनुष्यानें दुसरें काय करावें? त्यांनीं पावसाळाभर तिचें निरीक्षण केलें. त्या निरीक्षणाच्या लेखानें ते पक्षिशास्त्रज्ञ म्हणून ओळखले जाऊं लागले.

त्यांनीं पाहिलें तें असें. आपण 'सुगरण' असें स्त्रीलिंगी म्हणतों, परंतु घरटें विणतो तो नर. तो अर्धें घरटें विणून, शिरस्त्राणासारखा आकार झाला कीं, थांबतो. मग माद्यांची टोळी येते. त्या घरट्यांत शिरून तपासणी करतात. एखादीस पसंत पडलें तर ती तेथें राहते, आणि मग नर तें पुरें करून खालीं नळी लावतो. पुढें तो लगेच दुसऱ्या घरट्याच्या उद्योगास लागतो. जें कोणासच पसंत पडलें नाहीं तें तसेंच अर्धें लोंबकळत राहतें. वाटेंत एका शिंदीवर अशीं पुरीं आणि अर्धीं घरटीं वाऱ्यानें झुलत होतीं.

पुतण्यास मोठा आनंद झाला. "काका, आमचा धंदा अगदीं असाच चालतो! आधीं चार पानांचा गोषवारा न्यावयाचा, निर्मात्याला कथा ऐकवावयाची. त्याला पटली तर पुरी पटकथा. एक पान म्हणजे पडद्यावरचें साधारण एक मिनिट, अशीं शंभर-सव्वाशें पानें. न पटलेली पुरी कशाला लिहा?"

"सुगरणीचें अर्धें घरटें तूं नीट पाहिलेंस काय?" आम्हीं विचारलें. "त्याची गांठ फांदीला पक्की बसलेली आहे, छप्पर झालेलें आहे, आंत माती लिंपलेली आहे. वादळांत तें टिकतें. तुझें अर्धें म्हणजे चोंचींत धरलेली काडी. शिवाय त्या नराला पुरें करतां येतें हें माद्यांस ठाऊक असतें. तुला येतें हें कोणास ठाऊक आहे?"

यावर तो हंसला. परंतु त्याच रात्रीं अलीबागेच्या खोलींत त्यानें आपलीं सारीं लेखनें आम्हांपुढें उघडलीं. एकंदर चार कथा. एक पानशेतच्या पुराची, एक कुस्तीगीर मुलीची, एक भुताची, आणि एक आमच्याच घराची, जींत एक चष्मेवाले काका फार बोलतात. सुरुवाती उत्तम होत्या. हें आम्ही प्रेमानें म्हणत नाहीं, चाळीस वर्षें निबंध तपासलेल्या हातानें म्हणतों. पण एक बावीस पानांवर थांबली होती, एक पस्तिसांवर, आणि भुताची तर भूत येण्यापूर्वींच. एका चित्रसंस्थेनें पुराच्या कथेचा गोषवारा सात महिने ठेवून घेतला होता आणि होकार-नकार कांहींच कळविला नव्हता, असेंहि तो कडवटपणें म्हणाला. आम्हीं विचारलें, त्या सात महिन्यांत तूं काय लिहिलेंस? तो म्हणाला, वाट पाहिली.

आमचें इंग्रजी मॅट्रिकपुढें गेलें नाहीं; आम्हांजवळ जें आहे तें संस्कृताचें. तेव्हां त्याला तेंच सांगितलें. भरतमुनींपासून दशरूपककारापर्यंत सर्वांनीं नाटकांतील नायकाच्या कार्याच्या पांच अवस्था मानल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. यांपैकीं आरंभाची व्याख्या मोठी मार्मिक आहे. फळाविषयींची नुसती उत्सुकता, एवढाच आरंभ. हातपाय हालवावयाचें काम यत्नापासून सुरू होतें. आणि तिसऱ्या अवस्थेंत फळ मिळेलसें वाटतें आणि हुकेलसेंहि वाटतें. नाटकाचा गर्भ तोच. "तुझ्या चारी कथा आणि तुझा धंदा, पांचहि गोष्टी उत्सुकतेंत थांबलेल्या आहेत," आम्हीं म्हणालों. त्यानें वहींत तीं पांच नांवें उतरून घेतलीं आणि म्हणाला, "इंग्रजी पुस्तकांत तीनच अंक असतात, काका." असोत बापडे.

दुसऱ्या दिवशीं पाऊस उघडला होता. ओहोटीला कुलाबा किल्ल्यांत पायीं जातां येतें, पण पावसाळ्यांत आम्हीं तें धाडस केलें नाहीं, किनाऱ्यावरूनच पाहिला. 'मी काय अलीबागहून आलों आहें?' असें आपण मूर्ख ठरविला गेलेला मनुष्य म्हणतो तेव्हां या गांवावर केवढा अन्याय करतों! जें गांव १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवीत आहे त्याला भोळें म्हणणारे आपण कोण? त्या वेधशाळेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आधीं ही वेधशाळा मुंबईस कुलाब्याला होती. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, आणि विजेच्या प्रवाहानें सूक्ष्म चुंबकसूच्या बिघडतील म्हणून ती अलीबागेस हलवावयाचें ठरलें. लोखंडाचा अंश नको म्हणून इमारतीस पोरबंदरी दगड वापरला. परंतु नवी वेधशाळा सुरू झाल्याबरोबर जुनी बंद केली नाहीं. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्हीकडे एकाच वेळीं नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, नव्या जागेचे आकडे भरंवशाचे आहेत अशी खात्री करून घेतली, आणि मगच जुनीचें दार लाविलें. त्यामुळें जुनी-नवी मिळून नोंदींची सांखळी कोठें तुटली नाहीं.

पुतण्या शास्त्र शिकलेला. त्याला आम्हांला निराळें समजवावें लागलें नाहीं. तोच हळू म्हणाला, "दोन वर्षें दोन्ही?"

मग आम्हीं त्याला खांडेकरांची गोष्ट सांगितली. वि. स. खांडेकर १९२० सालीं शिरोड्याच्या शाळेंत गेले आणि अठरा वर्षें तेथें शिकवीत होते. मास्टर विनायकांच्या 'छाया' या बोलपटाची कथा त्यांनीं लिहिली ती १९३६ सालीं, म्हणजे शाळा सुटण्यापूर्वीं दोन वर्षें. दिवसा मुलांचीं गणितें आणि रात्रीं कंदिलाशीं लेखन! शाळामास्तराचें हें उदाहरण आम्हांस प्रिय असणारच. पण दुसऱ्या तऱ्हेचेंहि आहे. ग. दि. माडगूळकर मॅट्रिकला गणितानें अडविले. ते कोल्हापुरास चित्रसंस्थेंत शिरले ते पडेल तें काम करावयास, आणि खांडेकरांचे लेखनिक झाले. दुसऱ्याच्या तोंडचें वाक्य कागदावर उतरवितां उतरवितां तें कसें वळतें हें हाताला कळलें असेल. पुढें दीडशेंहून अधिक मराठी चित्रपटांस त्यांचें लेखन लाभलें आणि १९५७ सालच्या 'दो आंखें बारह हाथ'ची कथा-पटकथाहि त्यांचीच. आम्ही मॅट्रिक उत्तीर्ण झालों आणि मास्तर झालों. ते अनुत्तीर्ण राहिले आणि गदिमा झाले. यावरून विद्यार्थ्यांनीं भलता बोध घेऊं नये.

अर्थात् त्यांचा काळ निराळा. तेव्हां कंपन्या लेखकाला मासिक पगारावर ठेवीत. आज प्रत्येक कथेचा सौदा वेगळा. पण पुतण्यानें सांगितलें तें आम्हांस नवें होतें. मुंबईंत पटकथालेखकांची संघटना आहे. तिचें सभासद होऊन आपलें लेखन तेथें नोंदवून ठेवतां येतें, म्हणजे उद्यां कोणीं उचललें तर तारखेचा पुरावा राहतो. २०१२ च्या कायद्यानें चित्रपटांतील लेखनाच्या पुढच्या उपयोगांतून मिळणाऱ्या उत्पन्नांत लेखकाचा वांटा ठेवला आहे. तो वांटा लिहून घेऊन काढून घेतां येत नाहीं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें पटकथेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पेणकरांच्या काळीं यांतलें कांहींच नव्हतें. मुलानें चौकशी पुरी केली होती. उणीव तेथें नव्हती.

तिसऱ्या दिवशीं दक्षिणेस. आक्षीला मराठी भाषेचा एक प्राचीन शिलालेख आहे. त्याचा शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला जातो. तें वाचन मान्य केलें तर श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध लेखाहून हा जुना ठरतो. मतभेद आहेत, आणि आमच्यासारख्यानें त्यांत पडूं नये. शिळेवर चंद्रसूर्य आहेत, दानाचा मजकूर आहे, आणि जो हें मोडील त्याला अस्सल गांवठी शिवी आहे. राजाचें नांव आहे, प्रधानाचें आहे. ज्यानें शब्द जुळविले त्यानें स्वतःचें नांव घातलें नाहीं. पुतण्या शिळेपुढें उकिडवा बसून बोटानें अक्षरें लावीत होता. त्याला आम्हीं हांक मारली नाहीं.

नागांवच्या नारळी-पोफळींतून चौलास, आणि चौलाच्या खाडीवर रेवदंड्यास. एके काळचें हें थोर बंदर. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकाच्या पहिल्या पादांत येथें पाय रोंवला आणि १७४० सालीं मराठ्यांनीं त्यांस काढलें. त्यांच्या तटाच्या पडक्या भिंतींतून आज वाड्या आहेत. येथें एका शाळेच्या आवारांत एका रशियन माणसाचें स्मारक आहे, आणि त्याच्यासाठींच आम्ही येथवर आलों होतों.

अफनासी निकितिन हा त्वेर गांवचा व्यापारी. वाटेंत लुटला गेला. घेतलेला माल कर्जाचा, म्हणून गांवीं परतण्याची सोय राहिली नाहीं. तेव्हां तो पुढेंच निघाला. इराण ओलांडून, एक घोडा बरोबर घेऊन, १४६९ च्या सुमारास तो चौलास उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षें आधीं. घोड्याचा त्याला शंभर रूबल खर्च आला. जुन्नरच्या खानानें तो घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल म्हणजे परत देतों असें सांगितलें. एका मुसलमान सरदाराच्या रदबदलीनें तो सुटला. असा हा व्यापारी, ज्याचा एकहि व्यापार धड झाला नाहीं. पण तो लिहीत होता. लोक काय खातात, काय नेसतात, सुलतानाची स्वारी कशी निघते, पावसाळा किती महिने, सारें. वाचणारा कोणी नव्हता. आपल्या सणावारांच्या तिथी तो विसरला होता आणि अजमासानें उपवास करीत होता. परत जातांना गांवीं पोहोंचण्यापूर्वींच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, तो वारला. त्याच्या वह्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनीं नेऊन मॉस्कोच्या एका अधिकाऱ्याच्या स्वाधीन केल्या, १४७५ सालीं.

त्यांवरून १९५७ सालीं 'परदेसी' नांवाचा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला. निकितिन झाला एक रशियन नट, आणि आपल्याकडील नर्गिस, बलराज साहनी, पद्मिनी. पटकथा ख्वाजा अहमद अब्बास आणि मारिया स्मिर्नोवा या दोघांनीं मिळून लिहिली. पुतण्याला हा चित्रपट ठाऊक नव्हता. पण त्यानें तेथल्या तेथें एक प्रश्न काढला तो आम्हांस सुचला नसता. तो म्हणाला, "काका, या पटकथेचा शेवट कोठें करावा? तो वारला तेथें, कीं वह्या पोहोंचल्या तेथें?" खाडीच्या पुलावर पाऊस येईपर्यंत आम्ही दोघे त्यावरच बोलत होतों. नोकरीचा विषय त्या दिवशीं निघालाच नाहीं.

पुण्यास परत आल्यावर सर्वांसमक्ष बोलणें झालें. राजीनामा दोन वर्षें द्यावयाचा नाहीं, हें त्यानें आपण होऊन सांगितलें; तेव्हां त्याचे वडील प्रथम बोलले, आणि बोलले तें इतकेंच कीं, माडीवरची खोली त्याला मोकळी करून द्या. त्या खोलींतील लोणच्याच्या बरण्या आणि लग्नांतलीं पातेलीं हालविण्यास दोन दिवस लागले. पहाटे साडेचार ते साडेसात लिहावयाचें. त्या वेळांत त्याला कोणीं दूध आणावयास पाठवावयाचें नाहीं. आणि पुराची कथा कार्तिकी एकादशीच्या आंत शेवटच्या पानापर्यंत न्यावयाची, मग ती बरी होवो कीं वाईट. आलेगेलेल्यांनीं 'सिनेमा कधीं?' असें विचारावयाचें नाहीं, हें कलम मातुःश्रींनीं घातलें, आणि पहिल्याच आठवड्यांत त्यांनींच तें मोडलें.

कथा एकादशीस झाली नाहीं; त्रिपुरी पौर्णिमेस झाली. एकशें अठरा पानें. संघटनेकडे नोंद झाली. दोन ठिकाणीं पाठविली; एकीकडून नकार आला, दुसरीकडून अजून कांहीं नाहीं, आणि कुस्तीगीर मुलीची कथा सध्यां साठाव्या पानावर आहे. पहिली आम्हांस वाचावयास दिली होती. मधला भाग लांबला आहे, आणि पूर ओसरल्यावर चिखलांतून हार्मोनियम काढतात तो प्रसंग फार चांगला आहे. शेवट आम्हांस पटला नाहीं, तसें आम्हीं समासांत लिहिलें. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या होत्या. त्या त्यानें सर्व दुरुस्त केल्या. शेवट मात्र बदलावयास तो तयार नाहीं.